जरा पंखा बंद कर

घरात बसून इलेक्ट्रॉनिक्सचे उद्योग करणारा माणूस पूर्वी लांबूनच ओळखू यायचा. बोटांवर भाजल्याचे डाग, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि घरातला रेडिओ कायम मागच्या झाकणाविना. आताचा हौशी ओळखायचा असेल तर एप्रिल-मेच्या दुपारी सोसायटीतल्या कोणत्या घरातला पंखा बंद आहे, तेवढं पाहावं. बाहेर 40 अंश, आत एक गृहस्थ डोळ्यांना भिंग लावून, घामाने निथळत, श्वास कोंडून बसलेले. आतून बायको विचारते, "अहो, झालं का? लावू का पंखा?" गृहस्थ बोलत नाहीत. बोलायचं तर श्वास सोडावा लागेल, आणि श्वास सोडला तर 0402 उडेल.

0402 हे रेझिस्टरचं माप. लांबी 1 मिलिमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. खसखशीत पडला तर वाटणात जाईल, आणि जेवताना कोणाच्या लक्षातही येणार नाही. त्याला तारेचे पाय नसतात. दोन टोकांना धातूचा मुलामा असतो आणि तो थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर करायचा. याला म्हणायचं सरफेस माउंट. आयबीएमने 1960च्या दशकात ही पद्धत वाढवली आणि सॅटर्न रॉकेटच्या संगणकात वापरली. रॉकेटात जागा कमी, वजनाला मोल, त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. पण चंद्राकडे निघालेल्या यानासाठी जी युक्ती वापरली, ती आज सदाशिव पेठेतल्या जेवणाच्या टेबलावर, कालच्या वरणाच्या डागाशेजारी वापरली जाते, आणि वापरणाऱ्याला कुठेही जायचं नसतं.

बरं, माप तरी एकच असावं की नाही? इंचाच्या हिशोबात 0603 म्हणजे 1.6 बाय 0.8 मिलिमीटर. मेट्रिकच्या हिशोबात 0603 म्हणजे 0.6 बाय 0.3 मिलिमीटर. दोन्ही हिशोब बाजारात एकाच वेळी, एकाच आकड्याने, गुण्यागोविंदाने नांदतात. ज्याने ऑर्डर देताना तळटीप वाचली नाही त्याच्या घरी पाकिटातून धूळ येते. तो पाकीट उलटं करतो, झटकतो, कंपनीने रिकामंच पाठवलं म्हणून तक्रार लिहायला बसतो, आणि मग उन्हाची तिरीप टेबलावर आली की शंभर ठिकाणी काहीतरी चमकतं.

हे असलं लचांड हौशी माणसाने आपण होऊन गळ्यात घेतलेलं नाही. त्याचं 555 बरोबर बरं चाललं होतं. 1972 मध्ये बाजारात आलेली ती आठ पायांची टायमर चिप आणि तिच्या आधीची 741, या दोघींवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांची इंजिनिअरिंगची सबमिशनं निघाली. त्या चिपच्या दोन पायांत 2.54 मिलिमीटर अंतर असायचं. बोर्डाला भोकं, भोकांत पाय, मागून सोल्डर. डुलकी लागली तरी जमायचं. मग कारखान्यांतून तासाला हजारो भाग बसवणारी यंत्रं आली. त्या यंत्रांना भोकं नको होती आणि यंत्रांना डुलक्याही येत नव्हत्या. अंतर 1.27 वर आलं, मग 0.8, मग 0.5. पुढे क्यूएफएन नावाच्या जातीत पायच काढून टाकले, पोटाच्या कडेला नुसत्या धातूच्या पट्ट्या ठेवल्या. आणि बीजीएमध्ये सगळे जोड पोटाखाली गेले, गोळ्यांच्या रूपात, म्हणजे वरून बघणाऱ्याला काही दिसायचंच कारण नाही. नव्या चिपा आता बहुतेक याच वेषात येतात. जुन्या वेषातली मिळेल का म्हणून विचारलं, तर बेचाळीस पानांच्या माहितीपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात उत्तर असतं. ते सहसा नाही असंच असतं.

सुटे भाग आणायला पुण्यात बुधवार पेठेत जायचं, पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीच्या परिसरात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव घेऊन पत्ता विचारणारा गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलाय हे दुकानदाराला लगेच कळतं. आणि पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाचा संवाद साधारण असा होतो.

"10 के, 0603 आहेत?"

"किती देऊ?"

"चार."

"चार रीळ?"

"नाही, चार नग."

दुकानदार प्रथमच वर पाहतो. एका रिळात 5000 असतात. त्याच्या मागे भिंतभर रिळं असतात, शेजारी एखाद्या कारखान्याचा माणूस यादी घेऊन उभा असतो आणि हा गृहस्थ पिशवी घेऊन चार रेझिस्टर न्यायला आलेला. पण दुकानदार हाकलून देत नाही. आपल्या बाजारातली ही माणुसकी मला फार आवडते. तो कात्री काढतो, कागदी पट्टीचा दोनेक वीत लांबीचा तुकडा कापतो आणि म्हणतो, "शंभरच्या खाली देत नाही." किंमत इतकी किरकोळ असते, की घासाघीस करायलाही लाज वाटावी. शंभर घरी येतात. त्यांतले चार लागतात. त्यामुळे प्रत्येक हौशाच्या घरी प्रत्येक मूल्याचे 96 रेझिस्टर उरलेले असतात आणि पुढच्या बोर्डाला नेमकं जे लागतं ते मूल्य सोडून बाकी सगळं घरात असतं. मृत्युपत्रात याची वाटणी कशी करायची, हे एखाद्या वकिलाला विचारून ठेवायला हवं.

रेझिस्टरवर निदान आकडा छापलेला असतो. 103 म्हणजे 10 हजार ओहम, 472 म्हणजे 4700. अर्थात हे 0603 पर्यंत. 0402 वर छापायला जागा नसते. सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र कोणत्याच मापात काही छापत नाहीत. सगळे मातकट तपकिरी, सगळे गप्प. दोन पट्ट्या टेबलावर एकदा एकत्र सांडल्या, की त्या सुखदुःखाच्या साथीदार झाल्या. निवडून वेगळ्या करत बसण्यापेक्षा नव्या आणलेल्या बऱ्या.

खुणांचा प्रकार तर आणखी न्यारा. डायोडवर पट्टा असतो, तो ऋण बाजूला. उभ्या डब्यासारख्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर पट्टा असतो, तोही ऋण बाजूला. एवढं पाठ झालं की टॅंटलम कपॅसिटर भेटतो. त्याच्यावरही पट्टा असतो, आणि तो धन बाजूला. टॅंटलम उलटा बसवला तर तो निषेध नोंदवून थांबत नाही, पेटतो. चिपच्या पहिल्या पायापाशी एक बारीक गोल खळगा असतो, ही खूण पहिलीतल्या मुलालाही कळेल. म्हणून काही चिपांवर दोन कोपऱ्यांत दोन खळगे असतात, एक मोठा, एक छोटा. त्यांतला एक खुणेचा, दुसरा साच्यातून काढताना पडलेला. कोणता कोणता, यावर दोन अनुभवी माणसं एक अख्खी संध्याकाळ घालवू शकतात. अक्षरं सुलट वाचता येतील अशी चिप धरली, की पहिला पाय बहुधा डावीकडे खाली येतो, हे त्यातल्या एकाला रात्री झोपताना आठवतं.

आता खऱ्या विद्येकडे वळू. ही विद्या आपल्याकडे नवी नाही. गल्लीत भाता लावून बसणारा कल्हईवाला हेच करायचा. पातेलं तापवायचं, त्यात नवसागर भुरभुरायचा, पांढरा धूर उठला की कथलाचा तुकडा टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्याने फिरवायचा. कथील पातेलंभर पसरायचं. नवसागराचं काम एकच, तांब्यावर चढलेला ऑक्साइडचा पापुद्रा काढून टाकणं. पापुद्रा असला की वितळलेला धातू त्या जागेला शिवत नाही, थेंब होऊन घरंगळतो. आमच्या सोल्डरमध्ये 63 टक्के कथीलच असतं, उरलेलं 37 टक्के शिसं, आणि नवसागराच्या जागी राळ असलेला फ्लक्स. फरक एवढाच, की त्याच्यापुढे हंडे यायचे आणि आमच्यापुढे पाव मिलिमीटर रुंदीचा पाय येतो. शिवाय त्याच्याभोवती अख्ख्या वाड्यातल्या बायका "आधी माझं" म्हणून उभ्या राहायच्या. आमच्याभोवती कोणी उभं राहत नाही. राहिलं तर प्रकाश अडतो म्हणून आम्हीच उठवतो.

फ्लक्सबद्दल नवशिक्याचा हात अतिशय आखडता असतो. तुपाची धार धरल्यासारखा तो काडीच्या टोकावर थेंबभर घेतो. सोल्डरच्या बाबतीत मात्र तो उदार. खरं तर हे नेमकं उलट पाहिजे. चिप फ्लक्समध्ये बुडाली तरी चालेल, सोल्डर मात्र मोजून. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेतला की सगळं चकचकीत होतं. जुना टूथब्रश कोणाचा आणि तो खरंच जुना होता का, हा वाद सकाळी होतो.

सोल्डरिंग आयर्नच्या टोकाच्या, म्हणजे बिटच्या, बाबतीतही हेच. काम बारीक, म्हणून नवशिका सगळ्यात टोकदार बिट आणतो. टोकदार बिटच्या टोकाशी उष्णता टिकतच नाही. पायाला टेकवला की तो निवतो, मग माणूस दाबतो, मग पाय वाकतो. अनुभवी माणूस चांगला दोन-तीन मिलिमीटर रुंद, पटाशीसारखा किंवा तिरका कापलेला बिट घेतो आणि अर्ध्या मिलिमीटरच्या कामाला भिडतो. बघणाऱ्याला वाटतं याचं डोकं फिरलंय. तीच गोष्ट तापमानाची. 63/37 सोल्डर 183 अंशांना वितळतं, मग बिट 330 वर कशाला, असं विचारणारा पाहुणा दर रविवारी येतो. त्याला सांगावं लागतं, की बोर्डातलं तांबं उष्णता पळवून नेतं. कमी तापमानावर बिट टेकवून रेंगाळत राहण्यापेक्षा जास्त तापमानावर दोन सेकंदांत काम उरकलेलं चिपलाही मानवतं.

तर समजा, समोर 48 पायांची चिप आहे. 7 मिलिमीटर लांब, 7 रुंद, चारी बाजूंना बारा-बारा पाय, दोन पायांच्या मध्यांत अर्धा मिलिमीटर. ती बोर्डावर ठेवायची. चिमट्याने इकडून ढकलली की तिकडून सरकते. चारी बाजू एकाच वेळी जुळल्या, की एक कोपरा सोल्डरने नुसता टाचायचा. मग समोरचा कोपरा पाहायचा. तो हललेला असतो. मग पहिला सोडवायचा. ही कवायत मनापासून केली की पुढचं सगळं जवळजवळ फुकट आहे. दोन समोरासमोरचे कोपरे पक्के झाले की पायांच्या रांगेवर फ्लक्सचा ओघळ सोडायचा, रुंद बिटवर सोल्डरचा थेंब घ्यायचा आणि तो रांगेवरून या टोकाकडून त्या टोकाकडे सावकाश ओढत न्यायचा. बस. पाय एकेक करून सोल्डर करायचे नाहीत.

पहिल्यांदा पाहणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही. बारा पायांवरून एक थेंब नेला तर बाराही पाय एकमेकांना चिकटायला हवेत. पण वितळलेल्या सोल्डरला पृष्ठताण असतो. धातू दिसला की ते तिकडे धावतं, बोर्डावरच्या हिरव्या लेपाला ते शिवत नाही. दोन पायांमध्ये हिरवा लेप, पायाखाली धातू. थेंब आपला आपणच वाटला जातो, ज्याचा त्याला हिस्सा मिळतो आणि उरलेला बिटबरोबर पुढे जातो. भावकीत इतकी शांतपणे झालेली वाटणी मी अजून पाहिलेली नाही.

म्हणजे हे काम पृष्ठताण करतो, माणसाने फक्त लुडबुड करायची नसते. आणि इथेच आपली परीक्षा असते. आम्ही लग्नात आचाऱ्याला मिठाचा अंदाज सांगणारे लोक. रिक्षावाल्याला डावीकडून घे म्हणणारे, क्रिकेटची मॅच सोफ्यावरून जिंकणारे. आम्हाला हात बांधून बसा म्हटलं तर कसं जमायचं? दोन पायांमध्ये सोल्डरचा एक बारीकसा पूल दिसला, की हाताला खाज सुटते. थोडा फ्लक्स लावून स्वच्छ बिट नुसता टेकवला, तर तो पूल बिटवर चढून निघून जातो. नाहीच गेला तर तांब्याच्या जाळीची पट्टी ठेवून शोषून घ्यायचा. पण फ्लक्स सापडेपर्यंत धीर कोणाला? माणूस टाचणी आणतो. खरवडतो. पूल असतो तिथेच राहतो आणि शेजारचा पाय उचकटून वर येतो.

पृष्ठताणाची खरी गंमत बघायची तर क्यूएफएन बघावी. बिनपायांची ही चिप बोर्डावर ठेवून गरम हवेने तापवायची. खालचं सोल्डर वितळलं की चिप आपल्या आपण हलते, वाकडी ठेवली असेल तर सरळ होते. चिमट्याने हळूच एका बाजूला ढकलली, तर परत जागेवर येऊन बसते. हे पाहिलं की पन्नाशीचा माणूस टाळ्या वाजवतो. मग पुन्हा ढकलतो. मग जरा जोरात ढकलतो. यापुढचं वर्णन करत नाही. एकच सांगतो, मधल्या मोठ्या पॅडवर सोल्डरची पेस्ट सढळ हाताने लावली, तर चिप त्या तळ्यावर तरंगत राहते आणि कडेच्या पट्ट्या खाली टेकतच नाहीत. म्हणून कारखान्यात तिथे चौकोन भरून पेस्ट लावत नाहीत, खिडकीच्या गजांसारखी तुकड्या-तुकड्यांनी लावतात.

घरी गरम हवेचं यंत्र नसेल तर ओव्हन. प्रत्येक हौशाच्या आयुष्यात एक दिवस असा येतो, की तो स्वयंपाकघरातल्या ओटीजीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतो.

"अहो, त्यात मी नानकटाई करते."

"तेच म्हणतोय. नानकटाईला 170 अंश लागतात, याला 183. फार फरक नाही."

"मग पुढच्या वेळी एकाच ट्रेमध्ये टाकते दोन्ही. आणि ते शिसं ना हो?"

शिशाचं नाव निघालं की चर्चा संपते, आणि संपायलाच हवी. इतक्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. धूर दिसतो तो राळेचा, आणि दम्याच्या माणसाला तो खरंच त्रास देतो. शिसं पोटात जातं ते हातावरून. म्हणून सोल्डरिंग करून आल्यावर हात न धुता शेंगदाण्याच्या डब्यात हात घालणाऱ्या गृहस्थाला बायको जे बोलते, ते शास्त्राला धरूनच असतं. सोल्डरचा ओव्हन एकदा सोल्डरचा झाला, की त्यात पुन्हा खायचं काही करायचं नाही. तेव्हा जुन्या बाजारातून दुसरा ओटीजी येतो आणि बाल्कनीत वॉशिंग मशीनवर बसतो.

पण नुसता ओव्हन चालत नाही. सोल्डर पेस्टला एक ठरावीक चढण लागते. हळूहळू 150 पर्यंत, मग दीडेक मिनिट 150 ते 180 च्या दरम्यान रेंगाळायचं, मग 183 ओलांडून 210-215 पर्यंत झटकन जायचं आणि मिनिटभरात खाली यायचं. ओटीजीच्या चकतीवर 'लो', 'मीडियम' आणि कोंबडीचं चित्र असतं. त्यामुळे कंट्रोलर बनवावा लागतो. कंट्रोलरला तापमान मोजायला थर्मोकपल लागतं, थर्मोकपल वाचायला एक आठ पायांची चिप लागते, आणि ती चिप सरफेस माउंट असते. म्हणजे चिपा हाताने सोल्डर कराव्या लागू नयेत म्हणून जो ओव्हन करायचा, त्यासाठी आधी एक चिप हाताने सोल्डर करायची. ती जमली की ओव्हनची गरज नाही हे सिद्ध होतं. तरी ओव्हन पुरा करतातच. मुळात जो बोर्ड करायला घेतला होता तो कशासाठी होता, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. चिपा सादळतात. वरचं काळं प्लास्टिक हवेतली ओल पितं. मग तीच चिप एकदम 200 अंशांच्या पुढे नेली की आतल्या ओलीची वाफ होते, वाफेला बाहेर जायला वाट नसते आणि चिपची फट् करून लाही होते. म्हणून चिपा हवाबंद पाकिटात येतात, आत सिलिका जेलची पुडी आणि दमटपणा दाखवणारं कार्ड. कित्येक पाकिटांवर लिहिलेलं असतं, उघडल्यापासून 168 तासांच्या आत वापरा, मात्र हवा 30 अंशांच्या आणि 60 टक्के आर्द्रतेच्या वर नको. हे ज्याने लिहिलं तो जुलै महिन्यात रत्नागिरीला राहिलेला नाही. तिथे पाकीट उघडेपर्यंत कार्डाचा निळा ठिपका गुलाबी झालेला असतो, पाकिटावर लिहिणारं पेनही ओलं असतं. उपाय म्हणजे चिप 125 अंशांवर तासन्‌तास भाजून घेणं, किंवा कोरड्या डब्यात घालून ठेवणं. म्हणून आमच्यातला माणूस नवे बूट आणले की आधी खोक्यातली सिलिका जेलची पुडी काढून घेतो, मग बूट मापाचे आहेत का ते बघतो.

सल्ला द्यायला शेजारचे काका असतात. रेडिओच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेले, सांधा नुसता बघून पास-नापास करणारे. त्यांची एकच कसोटी, सांधा आरशासारखा चकाकला पाहिजे. मंद, दाणेदार दिसला की कच्चा. शिशाच्या सोल्डरला हे तंतोतंत लागू होतं. पण 1 जुलै 2006 पासून युरोपने इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाला जवळजवळ बंदी केली आणि जगभरच्या कारखान्यांत 96.5 टक्के कथील, 3 टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असलेलं सोल्डर आलं. ते 217 अंशांपुढे वितळतं आणि त्याचा उत्तम सांधाही मंदच दिसतो. काकांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, "चांदी घालून जर काळवंडत असेल, तर घालायची कशाला?" माझ्या मते हौशाने घरी 63/37 च वापरावं, हात धुवावेत आणि काकांनाही खूश ठेवावं.

या सगळ्या धडपडीवर पाणी पडायचं असेल तर चौकातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन उभं राहावं. दुकान चार बाय सहाचं, पंखा सुरू. काउंटरमागे विशीतला मुलगा, समोर सूक्ष्मदर्शक, हातात गरम हवेचा पाइप. त्याला तिथे एसएमडी मशीन म्हणतात. बोर्डाला प्लेट. मुलगा प्लेटवरची बीजीए उचलतो, खालचं सोल्डर साफ करतो, जाळी ठेवून नव्या गोळ्या पाडतो आणि परत बसवतो. हे सगळं मान आणि खांदा यांच्यात फोन धरून, "दादा, संध्याकाळी या, होऊन जाईल" म्हणत. घरी बीजीए बसवणारा माणूस काम झाल्यावर बॅटरी घेऊन टेबलाशी गाल लावतो आणि चिपच्या खालून उजेड आरपार येतो का बघतो. कारखान्यात यासाठी एक्स-रे असतो. आमच्याकडे पासोड्या विठोबा आहे, बाजारात जाता-येता वाटेतच लागतो.

त्या मुलाने शॉर्ट शोधायची जी रीत दाखवली ती मी कोणत्याच पुस्तकात वाचली नव्हती. राळ तापवून तिचा धूर प्लेटवर धरायचा. प्लेटभर पांढरा थर बसतो. मग शॉर्ट असलेल्या ओळीला बेताचा व्होल्टेज द्यायचा. जो भाग शॉर्ट आहे तो तापतो, तेवढ्याच जागेवरची राळ वितळते आणि पांढऱ्यात एक काळा ठिपका दिसतो. चिमट्याने तो कपॅसिटर उचलायचा, प्लेट साफ करायची, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. मी विचारलं, "कुठे शिकलास?" तो म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा, लाइट येत नाहीये."

बोर्ड तयार झाला की पहिल्यांदा वीज द्यायची वेळ येते. शहाणा माणूस विजेवर मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय घेतो, 100 मिलिअँपिअरला अडवून ठेवतो आणि आकड्याकडे बघतो. धाडसी माणूस थेट यूएसबीची वायर लावतो, तीही बायकोच्या लॅपटॉपला. मग चिपवर बोट ठेवायचं. गार असेल तर चालतेय किंवा वीजच पोचलेली नाही. कोमट असेल तर उत्तम. बोट उचलावं लागलं तर खळगे दोन होते.

इतकं सगळं जमायला लागलं, की सोसायटीत नाव होतं. नाव झालं की दाराची घंटा वाजते. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या, दोन्ही हातांत मिक्सर.

"तुम्ही ते बारीक बारीक आयसी बसवता म्हणे. हा बघा की जरा, नुसता घुं करतो, फिरत नाही."

मी मिक्सर उलटा केला. खाली चार स्क्रू होते, त्यातला एक गंजलेला. माझ्याकडचा सगळ्यात मोठा स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूच्या खाचेत पडला आणि सैल फिरला. आत वायरी होत्या, करंगळीएवढ्या जाड, आणि त्यांना कोणीतरी नुसत्या पिळून टेप लावलेली.

"काकू, हे जरा मोठं काम आहे," मी म्हणालो.

"असू दे, असू दे. सावकाश करा," काकू दारातून म्हणाल्या. "मला काही घाई नाही. फक्त संध्याकाळी इडलीचं वाटायचं आहे."